योसेफसाठी तिरकमठा

बेलापूरच्या ख्रिस्ती वस्तीत शांतवन सुताराची पत्र्याची लांब पडवी होती. तिथं गाड्या, नांगर, जू, दारं-खिडक्या आणि कधीमधी चर्चची बाकं तयार होत. शांतवन नगरला मिशनच्या कारखान्यात काम शिकून आला होता. आई गेली तेव्हा त्याचा धाकटा भाऊ योसेफ सहा वर्षांचा होता. शांतवननं आणि त्याच्या बायकोनं, सारानं, त्याला वाढवलं आणि हाताशी आल्यावर काम शिकवलं. विशीत आल्यावर योसेफचा हात थोरल्यापेक्षा साफ चालायला लागला. गिऱ्हाईकं तसं तोंडावर बोलून दाखवत. शांतवन हसून मान डोलवायचा, पण ते त्याला आवडत नव्हतं.

एक्केचाळीसच्या उन्हाळ्यात बन्सी नावाच्या शेतकऱ्यानं गाडीसाठी नवं जू करायला टाकलं. त्याच्या पुतण्याचं लग्न होतं, वऱ्हाड त्याच गाडीतून जायचं होतं. शांतवननं बाभळीचं लाकूड तासलं तेव्हा एका अंगाला चीर दिसली. बोटभर लांब, केसाएवढी. दुसरं लाकूड आणायचं तर नगरला जावं लागलं असतं आणि कबूल केलेला दिवस चुकला असता. त्यानं राळ वितळवली, तिच्यात बाभळीचा भुसा कालवून चीर भरली आणि वरून रंधा मारला. मग ते लाकूड योसेफपुढं ठेवलं. बैलाच्या मानेच्या दोन्ही बाजूंना ज्या शिवळा अडकवतात, त्यांची भोकं तेवढी पाडायची राहिली होती. योसेफनं पाडली. त्यातलं एक चिरेच्या शेजारी पडलं. चिरेबद्दल शांतवन त्याला काही बोलला नव्हता.

लग्नाहून परतताना ओढ्याच्या उतारावर जू त्या भोकाशी मोडलं. माणसं वाचली, पण एक बैल गाडीखाली आला आणि त्याचा पाय मोडला. दुसऱ्या दिवशी सकाळी बन्सी जुवाचे दोन तुकडे घेऊन पडवीत आला. त्याच्या मागं अर्धी वस्ती गोळा झाली.

“हे कुनी केलंय?” त्यानं तुकडे शांतवनच्या पायाशी टाकले.

शांतवननं एक तुकडा उचलला. मोडलेल्या तोंडाशी राळ चमकत होती. ठाऊक नसलेल्याला ती लाकडाचा डिंकच वाटली असती. योसेफ मागं उभा होता.

“भोकं धाकट्यानं पाडलीत,” शांतवन म्हणाला. “एक काठाला लई जवळ गेलं त्याचं.”

योसेफनं पुढं येऊन तुकडा हातात घेतला आणि बराच वेळ बघितला. थोरला भाऊ म्हणतो म्हणजे तसंच असणार. तो बन्सीला म्हणाला, “व्हय. माझंच चुकलं.”

त्यानंतर योसेफ काम करायचा, पण एकेक भोक पाडायच्या आधी तीन-तीनदा मापायचा आणि शेवटी पटाशी खाली ठेवून म्हणायचा, “दादा, हे तूच कर.” महिन्याभरानं तो नगरला गेला आणि फौजेत भरती होऊन आला. निघताना शांतवनला म्हणाला, “माझ्या हातात खोट हाय, दादा. तुझं नाव खराब व्हायला नको.” तेव्हा सांगता आलं असतं. योसेफ पेटी घेऊन वेशीपर्यंत चालत गेला, शांतवन त्याच्या बरोबर चालला, आणि दोघं पावसाचं बोलत राहिले.

ब्रह्मदेशात तोफगोळ्याचा तुकडा योसेफच्या पाठीच्या कण्यात घुसला. पुण्याच्या लष्करी दवाखान्यात तो वर्षभर होता. पंचेचाळीसच्या डिसेंबरात दोन माणसांनी त्याला बेलापूरच्या स्टेशनावर उतरवलं तेव्हा त्याचं कमरेखालचं अंग गेलेलं होतं. शांतवननं आधीच एका उंच पाठीच्या खुर्चीला चाकं लावून ठेवली होती. योसेफला तिच्यात बसवलं. त्यानं चाकांवरून हात फिरवला आणि म्हणाला, “झकास केलीस, दादा.”

सारा त्याचं सगळं करायची. तो कुरकुर करत नव्हता, पण दिवसभर पडवीच्या कडेला बसून रस्त्याकडं बघायचा. नाताळ झाल्यावर एक दिवस त्यानं शांतवनला हाक मारली.

“दादा, मला एक तिरकमठा करून देशील?”

“तिरकमठा? पाखरं मारायला?”

“न्हाई रं. दवाखान्यात एक गोरा सार्जंट आमाला बसल्या बसल्या मारायला लावायचा. पाठीत आन खांद्यांत ताकद ऱ्हावी म्हनून.” त्यानं चाकावर हात ठेवला. “मला आता हितनं तितं जायचं तर कुनीतरी ढकलाया लागतं. बाण सोडला की तो आपला आपन जातो. साठ पावलं, सत्तर पावलं.”

शांतवनला एवढंच पुरे होतं. धाकट्यानं चार वर्षांत पहिल्यांदा काही मागितलं होतं.

त्यानं बाभळीच्या फळीतून करवतीनं एक पट्टी काढली, रंध्यानं साफ केली, टोकांना खाचा पाडल्या आणि बाजारातल्या पिंजाऱ्याकडून कापूस पिंजायच्या धनुकलीची तांत आणून बांधली. कमठा दिसायला देखणा झाला. तिसऱ्या ओढीला मधोमध फाटकन तुटला आणि एक तुकडा सारानं वाळत घातलेल्या लुगड्यात जाऊन अडकला.

योसेफनं दुसरा तुकडा मागून घेतला. “बघ, लाकडाच्या रेघा कशा तिरप्या बाहेर पडल्यात. करवत रेघ बघत न्हाई, सरळ जाते. सार्जंट म्हनायचा, लाकूड पाचर मारून फोडायचं. झाडाची रेघ या टोकापासनं त्या टोकापातूर अखंड गेली पायजे. आन सालीखालचा पाठीचा भाग असतो ना, त्याला हत्यार लावायचंच न्हाई. समदं तासायचं ते पोटाच्या अंगानं.”

“तुला एवढं कळतंय तर तूच का धरत न्हाईस पटाशी? हात तर धड हायेत.”

“मी सांगतो, तू कर,” योसेफ म्हणाला.

दुसरा कमठा फोडलेल्या लाकडाचा झाला. तो तुटला नाही, पण वाकला तो वाकलाच. तांत सोडली तरी टोकं पुढं झुकलेली राहायची आणि बाण अंगणातच पडायचा. लाकूड ओलं होतं. शिवाय तो फार लांब होता. खालचं टोक खुर्चीच्या चाकावर आपटायचं. योसेफनं हिशेब करून सांगितलं, बसणाऱ्या माणसाला साडेचार फुटांपेक्षा जास्त नको. आणि बाभूळ नकोच. त्याच्या पलटणीत नगरकडच्याच अकोल्याच्या डोंगरातला एक जण होता. तो सांगायचा, आमच्याकडं तिरकमठे धामणीच्या झाडाचे करतात, कावडीची दांडीही त्याच लाकडाची. कितीही वाकवा, पुन्हा सरळ होते.

जानेवारीत शांतवन अकोल्याच्या डोंगरात गेला. विचारत विचारत त्याला बुधा नावाचा म्हातारा ठाकर भेटला. बुधानं आधी त्याच्याकडून योसेफची सगळी हकीकत काढून घेतली, मग कोयता उचलून त्याला एका घळीत नेलं. पंचवीस-तीस झाडं त्यानं नुसती हातानं चाचपून सोडून दिली. शेवटी मनगटापेक्षा जाड, गाठी नसलेलं, सरळ वाढलेलं एक धामणीचं खोड पाडलं, जागेवरच पाचरीनं उभं फोडलं, आणि दोन्ही अर्धुकांच्या टोकांना शेण आणि मेण थापलं.

“आता घरी न्हे आन माळ्यावर ठेव,” तो म्हणाला. “सावलीत. ऊन लागू द्यायचं न्हाई, वारा लागू द्यायचा. दिवाळीपातूर हात लावू नको.”

“दिवाळी? दहा म्हैने?”

“मग? आतलं पानी हळूहळू जातंय. उन्हात टाकलंस तर वरचं वाळंल, आतलं तसंच ऱ्हाईल, आन दोघं एकमेकाला फाडतील. वरनं दिसनार बी न्हाई.”

शांतवननं होय म्हटलं. पण घरी आला तेव्हा योसेफच्या पाठीला जखम झाली होती, दोन दिवस ताप होता, आणि खुर्चीत बसवलेलं त्याचं अंग पोत्यासारखं एका बाजूला कलत होतं. लाकडाचे दोन तुकडे बघून त्याचे डोळे उजळले.

“वाळलेलं हाय?” त्यानं विचारलं.

“म्हाताऱ्याकडं गेल्या सालचं पडलेलं हुतं,” शांतवन म्हणाला. “आता म्हैनाभर ठेवलं की झालं.”

त्यानं लाकूड पडवीच्या पत्र्यावर चढवलं. खुर्चीत बसलेल्या माणसाला पत्रा दिसत नाही. माघ, फाल्गुन, अर्धा चैत्र धामण तापल्या पत्र्यावर पडून होती. शांतवन रोज ती पलटायचा आणि मनाशी म्हणायचा, दिवाळीपर्यंत थांबलो तर कमठा होईल, पण योसेफ असेल का?

एप्रिलच्या मध्याला त्यानं कमठा तासायला घेतला. मूठ जाड ठेवली, दोन्ही बाहू टोकाकडं निमुळते केले. भिंतीशी एक उभी दांडी ठोकली, तिच्या डोक्यावर कमठ्याची मूठ बसवली आणि दांडीला दोन-दोन बोटांच्या अंतरानं खाचा पाडल्या. तांत एक खाच खाली ओढून अडकवायची, लांब जाऊन बाक बघायचा. जिथं बाहू सरळ राहतो तिथं काचेच्या तुकड्यानं पोट खरवडायचं, जिथं जास्त वाकतो तिथं हातही लावायचा नाही. मग कमठा वीसदा ओढून सैल करायचा आणि पुन्हा बघायचा. योसेफ समोर बसून सांगायचा. “खालचा बाहू मुठीपासनं वीतभर ताठ हाय. तिथं. न्हाई, जरा वर. बास. आता ओढ.” दोन आठवडे दोघा भावांचा तोच उद्योग चालला. गाड्यांची कामं पडून राहिली. शांतवनला लहानपणीचा योसेफ परत मिळाल्यासारखं वाटत होतं.

एकच गोष्ट योसेफ करत नव्हता. काच पुढं केली की मान हलवायचा. एका सकाळी सारा ताक घेऊन आली, तिनं ते पाहिलं आणि काच उचलून सरळ त्याच्या तळहातावर ठेवली.

“भावजी, तुमच्या बोटांनी केलेली दळनाची पेटी अजून माझ्या घरात हाय. एक झिलपी निघाली न्हाई तिची. कशाला भिता?”

“वहिनी, त्या जुवानं एका मुक्या जिवाचा पाय मोडला. मानसं मेली असती.”

“एकदा चुकलं.”

“सुताराचं एकदाच चुकतं.” तो काचेकडं बघत होता. “भरती झालो तवा पहिल्याच आठवड्यात साहेबानं समद्यांना रांगंत हुबं केलं. इचारलं, सुतार कोन हाय? सुतारांची येगळी टोळी करायची हुती. चौघांनी हात वर केला. माझ्या शेजारचा मला ढोसत हुता, कारन मी त्याला सांगून बसलो हुतो. मी हात वर केला न्हाई. म्हनलं, मी बांधलेल्या पुलावरनं मानसं जानार. त्यापरीस बंदूक बरी. बंदुकीनं चुकलं तर माझं मी मरंन.”

शांतवन दांडीशी पाठमोरा उभा होता. त्यानं ताणलेली तांत खाचेतून सोडवली आणि गाठ तपासत राहिला. गाठीला काही झालेलं नव्हतं. तो तसाच वळून विहिरीवर गेला आणि बराच वेळ आला नाही.

आला तेव्हा योसेफच्या मांडीवर कमठा होता. सारानं काय सांगितलं कुणास ठाऊक, पण तो खरवडत होता. अगदी हलक्या हातानं, श्वास रोखून. कांद्याच्या पापुद्र्यासारख्या झिलप्या त्याच्या निर्जीव पायांवर पडत होत्या. खालचा बाहू जिथं शांतवनला आठ दिवस जमत नव्हता, तिथं योसेफनं दोन तासांत बाक आणला. दांडीवर चढवून पाहिलं. दोन्ही बाहू सारखे वाकले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वस्तीमागच्या रानात कडब्याच्या पेंढ्या रचून त्यांनी योसेफची खुर्ची साठ पावलांवर उभी केली. पहिला बाण वरून गेला. दुसरा पेंढीत घुसला. योसेफ हसला. घरी आल्यापासून त्याला तसं हसताना कुणी पाहिलं नव्हतं. वस्तीतली माणसं जमली तेव्हा तो प्रत्येकाला सांगत होता, “दादानं केलाय. लाकूड पार अकोल्याच्या डोंगरातनं आनलं दादानं.” शांतवन बाण गोळा करायला जात होता, आणि प्रत्येक खेपेला सावकाश परत येत होता.

तीन दिवस असे गेले. चौथ्या दिवशी सकाळी योसेफ पडवीत कमठ्याला तेल लावत होता. एकाएकी त्याचा अंगठा थांबला.

“दादा.”

खालच्या बाहूच्या पाठीवर एक चीर आली होती. ती लाकडाच्या रेघेबरोबर न जाता तिरपी काठाकडं जात होती. नख लावलं तर एक कुसळ उचललं जात होतं. बरोबर त्याच जागेच्या मागं योसेफनं खरवडलं होतं.

“बघितलंस?” योसेफचा आवाज अगदी शांत होता. “मी म्हनलं हुतं वहिनीला. तुझा दोन आठवड्यांचा कमठा मी एका सकाळीत घालवला.” त्यानं तो काळजीपूर्वक बाकावर ठेवला आणि हात फडक्याला पुसले. “पुन्यांदा मला सांगू नका, कुनी बी.”

शांतवनला खोटं बोलायचीही गरज नव्हती. नुसतं गप्प बसलं असतं तरी झालं असतं. चूक पुन्हा आपल्या पायानं चालत जाऊन योसेफच्या दारात उभी राहिली होती. सारा उंबऱ्यात गहू निवडत बसली होती. शांतवन भावाच्या खुर्चीपुढं खाली बसला.

“योसेफ, चीर तुझ्यानं न्हाई पडली. लाकूड कच्चं हुतं. म्हाताऱ्यानं दिवाळीपातूर सावलीत ठेवायला सांगितलं हुतं. मी पत्र्यावर उन्हात टाकलं आन तुला खोटं बोललो.”

योसेफनं कमठा पुन्हा उचलला. चीर वाकवून पाहिली. “व्हय,” तो म्हणाला. “हे उन्हाचंच हाय. पन मग सांगायचं ना, दादा. थांबलो असतो. त्यात काय एवढं?”

तो बऱ्याच दिवसांनी इतक्या मायेनं बोलला होता, आणि शांतवनला वाटलं, इथंच थांबावं. पण तो बोलून गेला.

“बन्सीचं जू पन तसंच हुतं. तुला द्यायच्या आधी त्यात चीर हुती. मी राळ भरून रंधा मारला हुता.”

साराचे हात सुपात थांबले. योसेफला आधी कळलंच नाही. मग त्यानं कमठा मांडीवर आडवा ठेवला.

“कवा भरली?”

“आदल्या दिशी.”

“भोक कुठं पाडायला पायजे हुतं?”

“तू पाडलंस तिथंच. चांगल्या लाकडाला तिथंच पाडतात.”

“काठाला जवळ न्हवतं गेलं?”

“न्हाई.”

रस्त्यावरून उसाच्या दोन गाड्या गेल्या. योसेफ त्यांच्या चाकांकडं बघत होता. शांतवन त्याच्या तोंडून शिवी यायची वाट बघत होता. ती आली असती तर बरं झालं असतं.

“त्या सुतारांच्या टोळीत चौघं गेले,” योसेफ म्हणाला. “पेट्या करायचे, दवाखान्याच्या खाटा करायचे. कायम लढाईपासनं लांब, मागं असायचे. चारी घरी आले. त्यातला एक मला पुन्याला भेटायला आला हुता, पेरू घेऊन.”

“मला तवा वाटलं न्हवतं, की तू...”

“मी इचारलं न्हाई तुला, काय वाटलं ते.” मग तो साराकडं वळला. “वहिनी, रोझीला पत्र धाडा. मी तिच्याकडं जातो.”

रोझी त्यांची बहीण. नगरला तिचा नवरा शाळामास्तर होता. ती आली तेव्हा तिला सारानं सगळं सांगितलं. तिनं थोरल्या भावाला एकही शब्द विचारला नाही. निघताना योसेफनं आपली जुनी पटाशी मागून घेतली, काचेचा तुकडा फडक्यात बांधला आणि चिरलेला कमठाही बरोबर घेतला. खुर्ची स्टेशनाच्या गाडीत चढवताना शांतवननं एका बाजूला हात लावला. योसेफनं लावू दिला. त्यानंतर आठ दिवस सारा नवऱ्याशी बोलली नाही. नवव्या दिवशी जेवायला वाढताना एवढंच म्हणाली, “मी त्याला पंधरा वर्षं भरवलं हुतं. आन फौजेत निघाला तवा तुमी त्याला वेशीपातूर पोचवायला गेलात.”

पुढच्या रविवारी उपासना संपल्यावर शांतवन चर्चमध्ये उभा राहिला आणि पाच वर्षांपूर्वीच्या जुवाची खरी गोष्ट सगळ्यांसमोर सांगितली. लोक ऐकत होते. दोन-चार म्हाताऱ्यांनी उगीच मान हलवली. बरीच माणसं एकमेकांना विचारत होती, कुठलं जू? नंतर तो बन्सीच्या वस्तीवर गेला. बन्सी मळ्यात पाणी धरत होता. ऐकून म्हणाला, “आरं, ते? मी कवाच इसरलो. त्यातला उरलेला बैल इकला, आता दुसरी जोडी हाय. बस, चहा घे.” त्या दिवशी ज्यांच्यापुढं तो खोटं बोलला होता, त्यातल्या एकालाही ते लक्षात नव्हतं. लक्षात ठेवलं होतं ते एकट्या योसेफनं.

दिवाळीनंतर शांतवन पुन्हा डोंगरात गेला. बुधाला त्यानं खरं सांगितलं. म्हातारा म्हणाला, “मला वाटलंच हुतं,” आणि त्याला दुसरी झाडं पाडून दिली. ह्या वेळी लाकूड वर्षभर माळ्यावर सावलीत राहिलं. सत्तेचाळीसच्या डिसेंबरात शांतवननं ते सरळ तुकडे रोझीच्या पत्त्यावर पाठवले. रोझीचं पत्र आलं. योसेफनं चिरलेल्या कमठ्याला रेशमाचा दोरा गुंडाळून, सरस लावून तो पुन्हा चालता केला होता. नगरच्या दवाखान्यातल्या दोन लंगड्या शिपायांसाठी दोन नवे केले होते. लाकूड चांगलं होतं, असं त्यानं लिहायला सांगितलं होतं. बाकी काही नव्हतं.

अठ्ठेचाळीसच्या नाताळात शांतवन स्वतःच लाकूड घेऊन नगरला गेला. रोझीच्या ओसरीवर, भिंतीशी खाचांची दांडी ठोकलेली होती. तिच्याभोवती पाच-सहा कमठे वेगवेगळ्या अवस्थेत टांगले होते. योसेफ खुर्चीत ताठ बसला होता. खांदे रुंद झाले होते. एका हातानं अधू असलेला एक माणूस त्याच्यासमोर तांत वळत होता. पावलं वाजली तेव्हा योसेफनं वर पाहिलं.

“या,” तो म्हणाला. “बसा.”

शांतवन बसला. लहानपणापासून त्या पोरानं त्याला ‘दादा, तू’ म्हटलं होतं.

योसेफनं लाकडाचा एकेक तुकडा उजेडाकडं धरून पाहिला, टोकांवरचं मेण नखानं तपासलं. “ही दोन फसकिलास हायेत. तिसऱ्यात गाठ हाय, पन गाठीभवती जादा लाकूड ठेवलं म्हंजे चालंल. तुमी पुढच्या साली आनलंत तर थोडी बारीक खोडं बघा.”

“बघतो,” शांतवन म्हणाला. “पाठीची जखम कशी हाय?”

“हाय बरी.”

“सारानं करंज्या दिल्यात.”

“वहिनीला सांगा, माझी आठवन हाय म्हनून.” मग तो त्या तांत वळणाऱ्या माणसाकडं वळला. “एवढी आवळू नको, पीळ बसंल.”

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. गावाहून आलेल्या एखाद्या भल्या व्यापाऱ्याशी बोलावं तसं तो बोलत होता. शांतवननं चहा घेतला, भिंतीवरचे कमठे बघितले. एवढं एकसारखं काम त्याच्या हातून आयुष्यात झालं नव्हतं. हे म्हणावं असं त्याला फार वाटलं, आणि म्हणायचा हक्क आपल्याला आहे की नाही हे न कळून त्यानं कप खाली ठेवला. निघताना रोझी फाटकापर्यंत आली.

“येत जा, दादा,” ती म्हणाली. “लाकूड तर लागतंच.”

“तो कधी काही बोलतो?”

रोझीनं फाटकाची कडी काढली. “तुजं नाव निघालं तर उठून जाता येत न्हाई त्याला. मग मीच काढत न्हाई.”

परतीच्या गाडीत शांतवनसमोर मिरजगावचा एक धान्याचा व्यापारी बसला होता. बोलका माणूस. विळद जायच्या आतच त्यानं शांतवनचं गाव, धंदा, मुलंबाळं, सगळं विचारून घेतलं.

“भाऊ किती तुमाला?”

“एक हाय. नगरला असतो.”

“तो काय करतो?”

“तो बी लाकडाचंच करतो. माझ्यापरीस लई चांगला कारागीर हाय.”

“मग दोघं मिळून का न्हाई करत? एवढं हातातलं कसब, आन दोन गावांत दोन चुली?”

वांबोरी गेलं. बाहेर ज्वारीची रानं पोटरीत आलेली होती. व्यापारी उत्तराची वाट बघून शेंगा सोलायला लागला होता, ओंजळभर त्यानं शांतवनपुढंही केल्या. राहुरीला गाडी थांबली, माणसं उतरली, चढली, पुन्हा सुटली.

“माझ्यामुळं,” शांतवन म्हणाला, आणि जुवापासून सांगायला लागला.